हिशेबात दीड वर्ष, अंगावर दीड महिना: ट्रॅकिंग टॅग लवकर का मरतो?

लक्षण ओळखीचं आहे. टेबलावर टॅग नीट चालतो, स्लीप करंट (टॅग झोपेत ओढतो तो) मोजलेला असतो, स्प्रेडशीट सांगते की बॅटरी दीड वर्ष पुरेल. प्राण्याच्या अंगावर चढला की काही आठवडे पॅकेट (टॅगचे रेडिओ संदेश) नियमित येतात, मग विरळ होतात, आणि दीड-दोन महिन्यांत सगळं शांत. पुढच्या खेपेला लोक दुप्पट बॅटरी घालतात. तो टॅग तीन महिन्यांत मरतो.

या कामात मोठी बॅटरी हा उपाय धरूच नका. पक्ष्यांच्या बाबतीत टॅगचं वजन शरीराच्या वजनाच्या ३ टक्क्यांत बसवायचा प्रघात आहे, पूर्वी ५ टक्केही चालवून घेत. २० ग्रॅमचा टॅग ३ टक्क्यांत बसवायचा तर धनी, म्हणजे तो वागवणारा प्राणी, ६६७ ग्रॅमच्या वरचा हवा. त्या २० ग्रॅममध्ये हाफ-एए आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल एकटाच ९ ग्रॅमच्या आसपास खातो. म्हणजे बॅटरी वाढवली की तुमच्या यादीतली निम्मी जनावरं बाद. त्यामुळे आहे तेवढ्या चार्जमध्ये गळती कुठे आहे ते शोधणं, एवढाच रस्ता उरतो.

आधी एक उलटा हिशेब करा, कारण पुष्कळदा गुन्हेगार त्यातच सापडतो. समजा सेल १२०० एमएएचचा (मिलिअँप-तासांचा) आहे. दिवसाला ६ फिक्स (जीपीएसने काढलेली ठिकाणं), प्रत्येकी ३५ सेकंद, जीपीएस चालू असताना २५ मिलिअँप: दिवसाला साधारण १.४६ एमएएच. झोपेत १० मायक्रोअँप: ०.२४. रेडिओला अगदी सढळ हाताने ०.३ धरा. एकूण २ एमएएच, म्हणजे ६०० दिवस. प्रत्यक्षात टॅग ४५ दिवसांत मेला. १२०० भागिले ४५ म्हणजे दिवसाला २६.७ एमएएच. त्यातले हिशेबातले २ वजा केले तर २४.७ कुठेतरी जातायत, आणि ते २४ तासांत वाटले की सतत सुमारे १ मिलिअँप.

हा आकडा बोलका असतो. १ ते २ मिलिअँप म्हणजे बोर्डावरचा पॉवर एलईडी राहून गेला, किंवा बंद केलेला जीपीएस खरं तर बंद झालेलाच नाही. ५ मिलिअँपच्या आसपास असेल आणि टॅग लिथियम पॉलिमरवर तयार डेव्हलपमेंट बोर्डाने बनवला असेल, तर एएमएस १११७ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बघा. तो काहीच न करता तेवढा करंट पितो. त्याच्या जागी एमसीपी १७०० टाकला तर हाच खर्च दीड-दोन मायक्रोअँपवर येतो. ०.२ मिलिअँपच्या आसपास असेल तर बॅटरी मोजायचा व्होल्टेज डिव्हायडर बघा: १० किलोओहमचे दोन रेझिस्टर ३.६ व्होल्टला १८० मायक्रोअँप सतत खातात. आणि कुठल्याच एका ठरावीक आकड्याला ते जुळत नसेल, एक टॅग ४५ दिवस आणि त्याचाच जुळा १२० दिवस असं होत असेल, तर गळती सर्किटमध्ये नसून वागणुकीत आहे.

शेवटची पॅकेटं काय सांगतात

मेलेला टॅग सहसा हातात येत नाही. म्हणून शवविच्छेदन शेवटच्या वीस-तीस पॅकेटांवरच करायचं असतं, आणि त्यासाठी पॅकेटात नुसते अक्षांश-रेखांश पाठवून भागत नाही. चार गोष्टी प्रत्येक पॅकेटात घाला: फिक्सला किती सेकंद लागले, जीपीएस चालू असतानाचं सगळ्यात कमी व्होल्टेज, मागच्या रिसेटचं कारण, आणि रिसेट किती झाले. मिळून चार बाइटमध्ये बसतात. हे चार बाइट वाचवून बॅटरी वाचते असं ज्यांना वाटतं त्यांनी वरचा रेडिओचा आकडा परत बघावा.

व्होल्टेजबद्दल एक सावधगिरी. लिथियम थायोनिल क्लोराइडचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत ३.६ च्या आसपास सपाट राहतं. टॅग झोपेतून उठल्या-उठल्या मोजलेलं ३.६ काहीच सांगत नाही. मरायच्या आदल्या दिवशीही ते ३.६ च असतं. भार असताना मोजलेलंच व्होल्टेज कामाचं. लिथियम पॉलिमरवर उताराची रेघ दिसते, तिथे काम सोपं आहे.

त्या पॅकेटांत तीनपैकी एक चित्र दिसतं. रोज सारखाच खर्च होत राहिला आणि जनावर बसलंय की फिरतंय याचा त्यावर काहीच परिणाम नाही, तर ती झोपेतली गळती. काही दिवस खर्च प्रचंड आणि काही दिवस नगण्य, आणि फिक्सचे सेकंद वरच्या मर्यादेला टेकलेले, तर जीपीएस आकाश शोधत बसला. भाराखालचं व्होल्टेज अचानक ढासळलं, रिसेटचा आकडा चढला आणि मग शांतता, तर बॅटरी संपलेली नाही, ती झटका देऊ शकत नाही. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून हे वर्गीकरण आधी.

झोपेतली गळती

स्लीप करंट टेबलावर मोजला होता आणि तो १० मायक्रोअँपच आला होता, असं बहुतेक जण सांगतात. प्रश्न असतो तो कधी मोजला याचा. पॉवर दिल्यावर फर्मवेअर (टॅगमधला प्रोग्रॅम) थेट झोपायला गेलं आणि मग मोजलं, तर त्या बोर्डाने अजून जीपीएस एकदाही चालू-बंद केलेला नसतो. खरी झोप म्हणजे एक पूर्ण फेरी झाल्यानंतरची: उठला, फिक्स घेतला, फ्लॅश मेमरीत लिहिलं, पॅकेट पाठवलं, परत झोपला. तिथे मोजा.

दुसरी खबरदारी, प्रोग्रॅमर जोडलेला ठेवून मोजू नका. काही मायक्रोकंट्रोलर प्रोग्रॅम केल्यानंतर डीबग अवस्थेतच राहतात आणि खोल झोपेत जातच नाहीत. नॉर्डिकच्या एनआरएफ ५२ मालिकेत हे हमखास होतं. प्रोग्रॅमर काढा, बॅटरी काढून परत लावा, मग मोजा. इथे उलटी फसगत होते, म्हणजे नसलेली गळती दिसते आणि दोन दिवस तिच्यामागे जातात.

साध्या मल्टिमीटरने मोजताना मायक्रोअँपची रेंज लावली की मीटरच्या आत शंभर ओहम किंवा त्याहून जास्त रेझिस्टन्स येतो. टॅग उठून २५ मिलिअँप मागायला लागला की शंभर ओहमवर २.५ व्होल्ट पडतात, टॅग रिसेट होतो, परत उठतो, परत रिसेट. मीटरच्या दोन्ही टोकांवर एक जम्पर लावा, फेरी पूर्ण होऊन टॅग झोपू द्या, मग जम्पर काढा आणि आकडा वाचा. नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट जवळ असेल तर ही कसरत लागत नाही.

मीटरवर विश्वास नसेल तर एक जुनी पद्धत आहे, मला तीच आवडते. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बॅटरीला समांतर लावा. टॅग झोपला की बॅटरी काढून घ्या आणि कपॅसिटरचं व्होल्टेज किती वेगाने उतरतं ते घड्याळ लावून बघा. १० मायक्रोअँपला अर्धा व्होल्ट उतरायला ५० सेकंद लागतात. गळती १ मिलिअँपची असेल तर तोच अर्धा व्होल्ट अर्ध्या सेकंदात जातो. मोजायचीही गरज नाही, डोळ्यांनी दिसतं. फक्त आधी टॅगशिवाय नुसता कपॅसिटर आणि मीटर एवढंच लावून किती उतरतं ते बघून ठेवा, म्हणजे कपॅसिटरची स्वतःची गळती वजा करता येईल.

आता सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार. जीपीएसची वीज एका मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) तोडलेली आहे, फर्मवेअर म्हणतं की जीपीएस बंद. मीटरचं टोक जीपीएस मॉड्यूलच्या व्हीसीसी पिनवर, म्हणजे त्याला वीज मिळते त्या पिनवर, टेकवा. तिथे शून्य यायला हवं. येतं १.८, कधी २ व्होल्ट. ही वीज सिरियल पोर्टच्या तारेतून येते. मायक्रोकंट्रोलरची टीएक्स (पाठवायची) पिन काही पाठवत नसतानाही हाय असते, म्हणजे तिच्यावर व्होल्टेज असतं. ती जीपीएसच्या आरएक्स (ऐकायच्या) पिनला जोडलेली. त्या पिनच्या आतल्या संरक्षक डायोडमधून करंट मॉड्यूलच्या वीजवाहिनीत शिरतो. मॉड्यूल धड चालू नाही, धड बंद नाही, अशा अवस्थेत मिलिअँपच्या घरात करंट ओढत राहतं. वर आणखी तोटा: नीट शून्यावर न गेल्यामुळे पुढच्या वेळी ते कधीकधी अर्धवट उठतं आणि फिक्सच देत नाही.

इलाज फर्मवेअरमध्येच आहे. वीज तोडण्याआधी सिरियल पोर्ट बंद करा, टीएक्स पिन लो करा, आरएक्स पिनचा पुल-अप (पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) काढा. मॉड्यूल आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर असेल तर त्याचे पुल-अप रेझिस्टर कायमच्या विजेला न जोडता मॉड्यूलच्याच तोडलेल्या विजेला जोडा. स्विच नेहमी धन बाजूला ठेवा. ऋण बाजू तोडली तर प्रत्येक सिग्नलची तार करंटला परतीची वाट देते आणि मग वरचं सगळं करूनही गळती राहते. हे झाल्यावर व्हीसीसी पिनवर परत टोक टेकवा आणि शून्य आल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बाकीचे गुन्हेगार लहान आहेत. एसपीआय फ्लॅश नुसती मोकळी सोडली तर स्टँडबायमध्ये १० मायक्रोअँपच्या आसपास घेते, तिला पॉवर-डाउनचा आदेश द्यावा लागतो. मेमरी कार्ड टॅगमध्ये नकोच. त्यांच्या स्टँडबायचा भरवसा नाही. अ‍ॅक्सेलरोमीटरची (हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरची) इंटरप्ट पिन अडकून लो राहिली आणि तिच्यावर १० किलोओहमचा पुल-अप असेल तर ३६० मायक्रोअँप तिथेच गेले. चालू करायला चुंबक आणि रीड स्विच वापरत असाल तर तोच हिशेब तिथे लावा. न वापरलेल्या पिना अधांतरी सोडू नका.

जीपीएस आकाश शोधत बसतो तेव्हा

टेबलावर, खिडकीशी, ३५ सेकंदांत फिक्स येतो म्हणून हिशेबात ३५ धरले जातात. झाडीत तो दोन मिनिटांवर का जातो हे एकदा समजून घेतलं की टाइमआउट (फिक्ससाठी थांबायची कमाल वेळ) कसा ठेवायचा ते आपोआप कळतं.

जीपीएसचा उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो. एका फ्रेमला ३० सेकंद लागतात आणि त्यातला कक्षेचा भाग पहिल्या १८ सेकंदांत येतो. कोल्ड स्टार्टमध्ये, म्हणजे आधीची माहिती हाताशी नसताना उठल्यावर, रिसिव्हरला ही माहिती किमान चार उपग्रहांकडून अखंड हवी असते. मोकळ्या आकाशाखाली ती एका दमात मिळते. झाडीत प्राणी चालत असतो, मान हलवतो, मध्ये खोड येतं, सिग्नल सेकंदभर तुटतो, आणि तेवढा तुकडा वाया जातो. तो परत यायला ३० सेकंद थांबावं लागतं. असं दोनदा झालं की दीड मिनिट गेलं. शिवाय सापडलेला उपग्रह धरून ठेवायला जेवढा सिग्नल लागतो त्यापेक्षा शून्यातून शोधायला कितीतरी ताकदवान सिग्नल लागतो. नेहमीच्या मॉड्यूलांत हा फरक २० डेसिबलच्या आसपास असतो. म्हणजे जिथे चालू असलेला जीपीएस आरामात चालत राहिला असता, तिथे नव्याने उठलेला आंधळा असतो.

आता १८० सेकंदांचा टाइमआउट ठेवलाय आणि जनावर दिवसभर बिळात आहे असं धरा. प्रत्येक फसलेला प्रयत्न १.२५ एमएएच. दिवसाला सहा फसले तर ७.५ एमएएच, म्हणजे अख्ख्या दिवसाच्या हिशेबाच्या जवळजवळ चौपट, आणि हातात एकही ठिकाण नाही. जुळ्या टॅगांपैकी एक लवकर मरतो आणि दुसरा टिकतो तो याचमुळे: पहिल्याचा धनी ढोलीत राहणारा, दुसऱ्याचा उघड्यावर.

एकच मोठा टाइमआउट ठेवू नका, दोन टप्पे करा. पहिल्या १५ सेकंदांत एकाही उपग्रहाचा सिग्नल दिसला नाही तर जीपीएस ताबडतोब बंद. आकाशच नाही, थांबून उपयोग नाही. तीन-चार उपग्रह दिसतायत पण फिक्स नाही, तर ९० सेकंदांपर्यंत थांबा, कारण माहिती उतरत असते आणि मध्येच सोडलं तर केलेला खर्चही वाया. किती उपग्रह दिसतायत हे मॉड्यूलच्या जीएसव्ही ओळींत येतं, तेवढं वाचायला जड काही लागत नाही. लागोपाठ दोन प्रयत्न फसले की मधलं अंतर दुप्पट करा, त्यालाही वर एक मर्यादा ठेवा.

अ‍ॅक्सेलरोमीटर असेल तर त्याहून चांगलं. मागच्या फिक्सनंतर जनावर हललंच नाही, तर नवा फिक्स कशाला? एडीएक्सएल ३६२ सारखा सेन्सर हालचालीची वाट बघत असताना पाव मायक्रोअँपच्या जरा वर घेतो, हे हिशेबात दिसतही नाही. मात्र 'हलला नाही' ही अवस्था एका दिवसाच्या वर टिकली तर एक फिक्स जबरदस्तीने घ्या. कॉलर गळून पडली असेल किंवा जनावर मेलं असेल, आणि तेव्हाच नेमकं ठिकाण लागतं.

झोपेतही कक्षेची माहिती टिकावी म्हणून जीपीएसला बॅकअपची वीज द्यावी का, यावर वाद फार होतात आणि आकडे क्वचितच मांडले जातात. बॅकअपला १५ मायक्रोअँप धरले तर दिवसाला ०.३६ एमएएच. एक कोल्ड स्टार्ट ०.२४. दिवसाला एकच फिक्स घेत असाल तर बॅकअप तोट्यात आहे, पूर्ण तोडा. तासाला एक घेत असाल तर चित्र उलटं: चोवीस कोल्ड स्टार्टना ५.८ एमएएच लागतात, बॅकअप ठेवला तर बहुतेक फिक्स काही सेकंदांत येतात आणि एकूण खर्च निम्म्याच्या खाली जातो. मधला चार-चार तासांचा टप्पा फसवा आहे. उपग्रहाच्या कक्षेची माहिती साधारण चार तासच वापरण्याजोगी असते, त्यामुळे तुम्ही बॅकअपचं भाडं भरता आणि उठल्यावर माहिती शिळी झालेली असते. तिथे एक तर तीन तासांवर या, नाहीतर बॅकअप सोडा. काही मॉड्यूल जुन्या माहितीवरून पुढच्या दिवसांच्या कक्षा स्वतःच मांडून ठेवतात. ती सोय असेल तर हा हिशेब नव्याने करायचा.

समुद्री कासव किंवा सील असेल तर हे सगळं बाजूला ठेवा. जो प्राणी पाण्याबाहेर काही सेकंदच डोकं काढतो त्याला कुठलाही टाइमआउट पुरत नाही. तिथे सिग्नलचा काही मिलिसेकंदांचा नमुना टिपून ठेवायचा आणि ठिकाण नंतर काढायचं, अशी फास्टलॉकसारखी पद्धतच लागते.

अँटेनाकडेही एकदा बघा. कॉलर फिरून अँटेना गळ्याखाली गेली तर वरचे सगळे उपाय करूनही सेकंद मर्यादेलाच टेकतील. बॅटरी खाली आणि अँटेना वर ठेवली की बॅटरीच्या वजनाने कॉलर सरळ राहते.

बॅटरी भरलेली, टॅग मेलेला

तिसरं चित्र सगळ्यात चिडवणारं. टॅग परत मिळतो, सेल काढून मीटर लावला तर ३.६ व्होल्ट. मग फर्मवेअरवर संशय जातो.

लिथियम थायोनिल क्लोराइड सेलमध्ये लिथियमवर लिथियम क्लोराइडचा पातळ थर बसतो. त्यामुळेच हा सेल वर्षाला १ टक्क्याच्या आसपासच स्वतःहून उतरतो आणि म्हणूनच आपण तो वापरतो. पण महिनोन् महिने कपाटात पडून राहिला, विशेषतः उष्ण जागेत, किंवा टॅगमध्ये फक्त काही मायक्रोअँपवर झोपून राहिला, की थर जाड होतो. मग अचानक मोठा करंट मागितला की व्होल्टेज आधी खाली कोसळतं आणि थर तुटला की हळूहळू वर येतं. मायक्रोकंट्रोलरला तेवढा दम नसतो; तो कोसळण्याच्या क्षणीच रिसेट होतो.

रेडिओच्या झटक्याला कपॅसिटर लावायचा हे सगळ्यांना माहीत असतं, केवढा हे कुणी मोजत नाही. लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओची एसएक्स १२७६ चिप पूर्ण ताकदीवर, म्हणजे २० डीबीएमला, १२० मिलिअँप घेते. दहा बाइटचा मजकूर लोरावॅनच्या (लोरावरच्या नेटवर्क पद्धतीच्या) आवरणासकट एसएफ ७ वर (एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर: तो वाढला की पल्ला वाढतो, पण वेळही) सुमारे ६२ मिलिसेकंदांत जातो, एसएफ १२ वर त्यालाच जवळजवळ दीड सेकंद लागतो. व्होल्टेज ०.३ पेक्षा जास्त पडू द्यायचं नसेल आणि सगळा भार कपॅसिटरवरच धरला, तर पहिल्याला २५ मिलिफॅरड पुरतात, दुसऱ्याला ०.६ फॅरड लागतात. टेबलावर गेटवे (पॅकेट ऐकून सर्व्हरकडे देणारं यंत्र) शेजारीच असतो, टॅग एसएफ ७ वर बोलतो, सगळं ठीक दिसतं. जनावर लांब गेलं की नेटवर्क किंवा टॅग स्वतः एसएफ वाढवतो आणि त्याच कपॅसिटरचा फज्जा उडतो. 'लांब गेल्यावर मरतो' अशी तक्रार असेल तर रेंजच्या आधी हे तपासा.

मग लोक नाण्याच्या आकाराचा अर्ध्या फॅरडचा सुपरकपॅसिटर आणून लावतात, आणि फरक पडत नाही. त्याचा आतला रेझिस्टन्स बघा. हे नग घड्याळ जिवंत ठेवायला बनवलेले असतात, आतला रेझिस्टन्स दहा-दहा ओहममध्ये. ३० ओहमवर १२० मिलिअँप म्हणजे ३.६ व्होल्ट, म्हणजे सगळंच. एक ओहमच्या आतला नग घ्या आणि त्याची गळती हिशेबात धरा. बॅटरीशी जोडल्यावर ती स्थिरावायला तास लागतात, म्हणून टॅग बसवण्याच्या आदल्या दिवशीच जोडून ठेवा. त्याच वेळी सेलला काही मिनिटं माफक भार देऊन थरही मोडून घ्या. भार किती चालेल ते सेलच्या डेटाशीटवर असतं.

हार्डवेअर सुधारलं तरी फर्मवेअरला रिसेटची सवय लावावी लागते. नेहमीचा क्रम असा असतो: टॅग सुरू झाला की आधी जीपीएस, मग पॅकेट. पॅकेट पाठवताना रिसेट झाला की टॅगला काही आठवत नाही, तो परत सुरू होतो, परत कोल्ड स्टार्ट, परत पॅकेट, परत रिसेट. अशक्त झालेल्या सेलमधून २५ मिलिअँप न थांबता जात राहतात आणि महिने पुरण्याइतका उरलेला चार्ज दोन दिवसांत जातो. म्हणून सुरू झाल्यावर पहिलं काम रिसेटचं कारण वाचणं. ते रजिस्टर जवळजवळ प्रत्येक मायक्रोकंट्रोलरमध्ये असतं. व्होल्टेज पडल्यामुळे रिसेट झाला असेल तर आकडा एफरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत) वाढवा, काहीही न करता तासभर झोपा, पुढच्या वेळी दोन तास, मग चार. ट्रान्समिटची ताकद २० वरून १४ डीबीएमवर आणा. फ्लॅशमध्ये लिहिण्याआधी व्होल्टेज बघा, कारण बऱ्याच फ्लॅश चिपना किमान २.७ व्होल्ट लागतात आणि मायक्रोकंट्रोलर त्याच्या बराच खालीही चालू राहतो; तेव्हा लिहिलेला लॉग कचरा निघतो.

आणि एक शक्यता अशी, की टॅग मेलेलाच नाही. लोरावॅनमध्ये प्रत्येक पॅकेटाला चढता क्रमांक असतो. टॅगने तो कायम स्मृतीत ठेवला नसेल तर रिसेटनंतर शून्यापासून सुरू होतो, आणि सर्व्हर त्याला जुनं पॅकेट समजून मुकाट्याने फेकून देतो. तुमच्या पडद्यावर शांतता, जंगलात टॅग इमानेइतबारे बोलतोय. गेटवेचा कच्चा लॉग उघडून बघा. पॅकेट तिथे दिसत असेल आणि पुढे दिसत नसेल तर हेच. क्रमांक आणि सेशनच्या किल्ल्या एफरॅममध्ये ठेवल्या की प्रश्न मिटतो. पोचपावती मागणारी पॅकेटं मात्र बंदच करा. गेटवेच्या टप्प्याबाहेर गेलेला टॅग पावतीच्या आशेने तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो.

पॉटिंगनंतर परत मोजा

पॉटिंगसाठी बोर्डावर इपॉक्सी ओतण्याआधी १० मायक्रोअँप आणि नंतर ६०, असं झालं तर बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिलाय आणि त्यात ओल अडकली आहे. मेगाओहमचे डिव्हायडर लावले असतील तर व्होल्टेजचे आकडेही चुकीचे येतील. बोर्ड धुवा, पूर्ण वाळवा, मगच ओता. इपॉक्सी जीपीएसच्या सिरॅमिक अँटेनावर आली तर तिची फ्रिक्वेन्सी सरकते. फिक्सची चाचणी पॉटिंगनंतर, आणि टॅग मिठाच्या पाण्याच्या पिशवीवर बांधून करा. शरीराशेजारी अँटेना जशी वागते त्याच्या जवळपास ती तिथेच वागते, हवेत टांगून नाही.

टॅग परत हातात आला तर

बॅटरी लगेच काढू नका. काढली की रिसेटचं कारण पुसलं जातं आणि रॅममधलं सगळं जातं. शक्य असेल तर आधी प्रोग्रॅमर जोडून स्मृती वाचून घ्या. नंतर सेल सुटा करून त्यावर ३३० ओहमचा रेझिस्टर लावा, साधारण ११ मिलिअँप जातील, आणि दहा मिनिटं व्होल्टेज बघत राहा. आधी खाली जाऊन मग ३.३-३.४ कडे चढत असेल तर थर बसला होता, चार्ज शिल्लक आहे, आणि तुमचं दुखणं तिसऱ्या प्रकारचं. ३ च्या खाली जाऊन तिथेच राहिलं किंवा उतरतच गेलं तर सेल खरोखर संपला. मग लॉगमधल्या फिक्सच्या सगळ्या सेकंदांची बेरीज करा, २५ मिलिअँपने गुणा आणि ३६०० ने भागा. तो आकडा १२०० एमएएचच्या जवळ आला तर जीपीएसने खाल्लं. दोनशे-तीनशेच आला तर उरलेलं झोपेत गेलं, आणि मीटरचं टोक परत जीपीएसच्या व्हीसीसी पिनवर.